हूबरांचे हूवर कसे झाले

१७३८ सालच्या सप्टेंबरात ‘टू सिस्टर्स’ नावाचं जहाज फिलाडेल्फियाच्या बंदराला लागलं. ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेला, द्राक्षमळ्यांच्या पट्ट्यात एलरश्टाट नावाचं गाव आहे. तिथला पंधरा वर्षांचा आंद्रेआस हूबर त्या जहाजातून आला. त्याच्या वंशातला हर्बर्ट १९२९ साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. तोवर घराण्याचं आडनाव ‘हूवर’ होऊन दीडशेहून अधिक वर्षं लोटली होती.

हे आडनाव बदललं कसं, असं विचारलं की बहुतेक जण एक ठरलेलं उत्तर देतात: बंदरावरच्या इंग्रज कारकुनाला जर्मन नाव नीट ऐकू आलं नाही, त्याने कानाला लागलं तसं खरडलं आणि पुढच्या पिढ्यांनी तेच चालवलं. गोष्ट सुटसुटीत असल्यामुळे घराघरांत टिकून राहिली आहे. पण ती खरी नाही, आणि तिच्यामुळे त्या माणसांवर अन्यायही होतो. आपलं नाव कुणीतरी बिघडवलं आणि त्यांनी ते निमूटपणे पत्करलं, असं चित्र उभं राहतं. जुने कागद आणि त्या लोकांची बोली एकत्र पाहिली, तर हूबरांनी आपलं नाव किती चिवटपणे सांभाळलं ते दिसतं.

त्यासाठी आधी या नावाचा जन्म पाहायला हवा. मध्ययुगात जर्मन मुलखात शेतजमीन मोजायचं एक माप होतं, दक्षिणेत त्याला ‘हूबे’ म्हणत आणि उत्तरेत ‘हूफे’. एका कुटुंबाचं वर्षभर पोट भरेल आणि वर जमीनमालकाचा सारा भागेल, एवढ्या जमिनीला एक हूबे धरत. म्हणून तिचं क्षेत्रफळ सगळीकडे सारखं नसे. काळी कसदार जमीन असेल तिथे हूबे लहान, डोंगरउताराला मोठी. बऱ्याच ठिकाणी ती ३० मॉर्गेन मानत. एका सकाळी जनावरांच्या एका जोडीने नांगरून होईल तेवढ्या जमिनीला मॉर्गेन म्हणायचे. आजच्या हिशेबाने ३० मॉर्गेन म्हणजे साधारण १८ ते २५ एकर. अशी जमीन कसणारा तो हूबर. जमिनीची मालकी बहुधा मठाची, बिशपची किंवा सरदाराची असे. कसणं, सारा भरणं आणि वेठीला जाणं हे हूबराच्या वाट्याचं.

बव्हेरियात तर या मापाची पुढे पद्धतशीर उतरंडच ठरली, कारण कर त्यावर आकारला जाई. पूर्ण शेतवाडी म्हणजे ‘होफ’. त्याच्या निम्मी ती हूबे, पाव हिस्सा ‘लेहेन’, आणि आठव्या हिश्शाच्या तुकड्याला ‘झोल्डे’. होफर, हूबर, लेनर, झोलनर ही आजची जर्मन आडनावं याच उतरंडीच्या पायऱ्या आहेत. गावात कुणाची ऐपत किती, हे एकेकाळी नावावरूनच कळायचं. पूर्वेकडे सॅक्सनी आणि सायलेशियात त्याच मापावरून ‘ह्यूबनर’ झालं. त्यामुळे नुसतं ‘हूबर’ हे रूप ऐकलं, तरी मूळ दक्षिणेतलं, म्हणजे बव्हेरिया, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड किंवा नैर्ऋत्य जर्मनीतलं असणार, असा अंदाज बांधता येतो.

पण त्यापुढे अंदाज चालत नाही. बाराव्या ते पंधराव्या शतकाच्या दरम्यान जर्मन भागात आडनावं रुळली, तेव्हा हूबे कसणारे जवळजवळ गावोगावी होते. शेकडो ठिकाणी, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या घरांना हे नाव स्वतंत्रपणे चिकटलं. आपल्याकडे सगळे पाटील एका रक्ताचे नसतात, तसंच हे. ऑस्ट्रियात आणि बव्हेरियात हे आडनाव आजही सर्वांत जास्त आढळणाऱ्या मोजक्या नावांत आहे. हिटलरच्या राजवटीविरुद्ध पत्रकं लिहिणाऱ्या म्युनिकच्या ‘श्वेत गुलाब’ गटातले प्राध्यापक कुर्ट हूबर यांना १९४३ च्या जुलैत मृत्युदंड दिला गेला. त्याच म्युनिकमध्ये १९३७ साली जन्मलेल्या रोबेर्ट हूबर यांना १९८८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आडनाव एक, शहर एक, पण तेवढ्यावरून त्यांचं नातं जोडता येत नाही. अमेरिकेतही तेच. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांना राष्ट्राध्यक्ष हूवरांचे नातलग समजणारे पुष्कळ आहेत, पण ते त्यांचे कोणी नव्हते.

वंशावळ शोधणाऱ्याला याहून मोठा चकवा दक्षिणेतली एक चाल देते. आल्प्सच्या भागात शेतवाडीला स्वतःचं नाव असे आणि ते माणसापेक्षा पक्कं असे. हूबर-वाडीवर मुलगी एकटीच वारस राहिली, आणि ग्रुबर नावाचा तरुण लग्न करून तिथे नांदायला आला, की काही वर्षांत गाव त्यालाच हूबर म्हणू लागे. मुलंही हूबर म्हणूनच मोठी होत. म्हणजे जमीन तीच, नाव तेच, पण बापाकडचं रक्त वेगळं. उलटही व्हायचं: धाकटा भाऊ दुसऱ्या वाडीवर गेला की तिथलं नाव घेई आणि दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी होत. करवसुली आणि वारसाहक्काच्या कज्ज्यांत यामुळे फार घोळ होई. बव्हेरियाने १६७७ साली परवानगीशिवाय आडनाव बदलायला बंदी घातली. तरी ऑस्ट्रियाच्या खेड्यांत घराचं नाव आणि कागदावरचं नाव अशी दोन नावं आजही चालतात.

आता एलरश्टाटकडे वळू. आंद्रेआसचं घराणं मूळचं तिथलंही नव्हतं. ते आलं होतं स्वित्झर्लंडच्या आरगाऊ भागातल्या ओबरकुल्म गावाहून. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण ‘जर्मन’ म्हणून अमेरिकेत गेलेल्या कितीतरी घराण्यांच्या प्रवासाचा पहिला टप्पा स्विस डोंगरातून ऱ्हाइनच्या खोऱ्यात असा आहे.

एलरश्टाट ज्या भागात आहे तो ऱ्हाइनकाठचा फाल्त्स प्रांत १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाने अक्षरशः ओस पाडला. सैन्यं आली, त्यांनी धान्य नेलं, मागोमाग प्लेग आला. काही भागांत निम्म्याहून अधिक लोक मेले किंवा परागंदा झाले. चांगली जमीन पडून, कसायला माणूस नाही. तिथला शासक कार्ल लुडविग याने बाहेरच्या लोकांना वसायला बोलावलं आणि काही वर्षं करांत सूटही दिली. स्वित्झर्लंडमध्ये नेमकं उलटं होतं. युद्धाची झळ फारशी लागली नव्हती, माणसं भरपूर आणि जमीन थोडी. युद्ध सुरू होतं तोवर धान्याला चढा भाव मिळत होता. शांतता झाली आणि भाव कोसळले, शेतकरी कर्जात बुडाले. १६५३ साली बर्न, ल्युसर्न भागांतल्या शेतकऱ्यांनी बंड केलं आणि ते निर्दयपणे मोडण्यात आलं. भर म्हणून बर्न आणि झुरिकच्या सत्तांनी पुनर्बाप्तिस्मा मानणाऱ्या पंथीयांचा, म्हणजे मेनोनाइट वगैरेंचा, छळ चालवला होता. १६६४ साली कार्ल लुडविगने या पंथीयांनाही राहायची मुभा दिली. माणसं निघाली ती जमिनीसाठी आणि श्रद्धेसाठी, दोन्हींसाठी.

तिथेही निवांतपणा मिळाला नाही. १६८८ साली फ्रान्सचं सैन्य शिरलं. १६८९ मध्ये मानहाइम, श्पायर, वर्म्स ही शहरं जाळली गेली. १७०८-०९ च्या हिवाळ्यात इतकी थंडी पडली की द्राक्षवेली मुळासकट मेल्या. त्यानंतरच्या वसंतात फाल्त्स आणि आसपासचे सुमारे १३,००० लोक अमेरिकेच्या आशेने लंडनला येऊन थडकले. यानंतर पेनसिल्व्हेनियाकडे जी वाट पडली ती जवळजवळ शतकभर वाहती राहिली. विल्यम पेन याने १६८१ मध्ये मिळालेल्या या वसाहतीत धर्मस्वातंत्र्याचं आश्वासन दिलं होतं, आणि १६८३ पासून तिथे जर्मनांचं एक गावही वसलं होतं. आधी गेलेल्यांची पत्रं यायची. जमीन मिळते, सारा नाही, पाद्री त्रास देत नाही. अशी पत्रं गावभर वाचली जात.

प्रवास मात्र जीवघेणा होता. १७५० मध्ये गेलेल्या गोटलीब मिट्टेलबर्गरने लिहून ठेवलं आहे की हाइलब्रोनपासून हॉलंडपर्यंत ऱ्हाइनमार्गावर ३६ जकातनाकी होती, आणि प्रत्येक ठिकाणी नाकेदाराच्या मर्जीप्रमाणे थांबावं लागे. रॉटरडॅमला पोहोचेपर्यंत गाठीचे पैसे निम्मे संपलेले. पुढे इंग्लंडच्या बंदरात तपासणी, मग आठ ते बारा आठवडे समुद्र. ज्यांच्याकडे भाड्याचे पैसे नसत त्यांना पोहोचल्यावर जहाजावरच विकलं जाई. विकली जात ती मजुरी: मोठ्या माणसाची तीन ते सहा वर्षं, मुलांची एकवीस वर्षांचं होईपर्यंत. अर्धा प्रवास उलटल्यावर नवरा मेला, तर बायकोला दोघांचंही भाडं फेडावं लागे. आंद्रेआस गेला ते १७३८ हे साल तर जहाजांवरच्या रोगराईसाठी कुख्यात आहे. त्या हंगामात निघालेल्यांपैकी फार मोठी संख्या किनारा पाहूच शकली नाही.

फिलाडेल्फियात पोहोचल्यावर काय होई, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे, कारण कागद शिल्लक आहेत. परक्या भाषेच्या माणसांचे लोंढे पाहून पेनसिल्व्हेनियाच्या कारभाऱ्यांनी १७२७ पासून नियम केला: जहाजाच्या कप्तानाने प्रवाशांची यादी द्यायची, आणि सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची. त्यामुळे एकेका जहाजाच्या तीन-तीन याद्या मिळतात. कप्तानाची यादी इंग्रजी कानांनी ऐकून लिहिलेली, नावं हवी तशी वाकलेली. शपथेच्या दोन याद्यांवर मात्र माणसांनी स्वतः सह्या केल्या आहेत, जुन्या वळणदार जर्मन लिपीत. ज्याला लिहिता येत नसे, त्याचं नाव कारकून लिही आणि तो माणूस शेजारी खूण करी. तिन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या की एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी दिसतं.

आणि गंमत अशी की यांतल्या कुठल्याच नोंदीने त्या माणसाचं नाव ठरत नसे. बंदरावरून त्याला ओळखपत्र मिळत नव्हतं. तो गावात जाई आणि हवं ते नाव लावून राही. नंतरच्या काळातल्या, न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटाबद्दलही हीच दंतकथा आहे. ते तपासणी केंद्र १८९२ मध्ये सुरू झालं. तिथले अधिकारी युरोपातल्या बंदरावर बनलेली जहाजाची यादी हातात धरून नावं पडताळत, नवी नावं देत नसत.

मग बदल झाला कुठे? तर पुढच्या तीस-चाळीस वर्षांत, घरी आणि बाजारात. इथे बोलीकडे नीट लक्ष द्यावं लागतं, कारण सगळी किल्ली तिथेच आहे. ‘हूबर’ हा पुस्तकी उच्चार. फाल्त्सच्या बोलीत दोन स्वरांमध्ये आलेला ‘ब’ मऊ होऊन ‘व’ होतो. प्रमाण जर्मनमधलं ‘लेबेन’ तिथे ‘लेवे’ होतं, ‘हाबेन’चं ‘हावे’. हेच वळण पेनसिल्व्हेनियात गेलेल्या जर्मनांच्या बोलीत उतरलं, ते आजही तिथल्या आमिश पंथाच्या लोकांच्या तोंडी ऐकू येतं. म्हणजे आंद्रेआसच्या घरात, त्याच्या आईच्या तोंडी, ते नाव बहुधा ‘हूवर’ असंच होतं. अमेरिकेचं पाणी लागायच्या आधीपासून.

आता हे नाव इंग्रजी शेजाऱ्यांत लिहायचं कसं? जर्मन अक्षरं तशीच ठेवली तर इंग्रज ते ‘ह्यूबर’ वाचणार. घरातला आवाज कागदावर आणायचा, तर इंग्रजी वळणाने दोन ‘ओ’ आणि ‘व्ही’ घालून लिहावं लागणार. अक्षरं राखली तर आवाज जातो, आवाज राखला तर अक्षरं जातात. या घराण्याने आवाज राखला. एकोणिसाव्या शतकात शिकून-सवरून आलेल्या हूबरांनी उलट केलं. त्यांनी स्पेलिंग सोडलं नाही, आणि आज अमेरिकेत त्यांना ‘ह्यूबर’ म्हणतात. ‘बिघडलेलं’ नाव मूळ बोलीला जास्त धरून आहे, आणि ‘शुद्ध’ राहिलेलं तिच्यापासून दूर गेलं आहे. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

हे एकट्या हूबरांचं नव्हे. आंद्रेआसने जिच्याशी लग्न केलं ती मार्गारेट प्फाउत्स. ‘प्फ’ हा जोडउच्चार इंग्रजांना जमत नाही, तिच्या माहेरचं नाव ‘फाउट्स’ झालं. श्मिट मंडळी स्मिथ झाली, म्युलर मिलर झाले. त्यात काहींनी सोय पाहिली, काहींनी अर्थ जुळवला, काहींनी आवाज.

पुढचा प्रवास वेगाने सांगता येईल. आंद्रेआस, आता अँड्र्यू, पेनसिल्व्हेनियातून मेरिलँडला आणि तिथून नॉर्थ कॅरोलायनात उव्हारी नदीकाठी गेला. घराणं क्वेकर पंथाचं झालं. क्वेकरांचा गुलामगिरीला विरोध, आणि नॉर्थ कॅरोलायनात ती मुरलेली. ओहायो नदीच्या वायव्येच्या मुलखात १७८७ च्या कायद्याने गुलामगिरीला मनाई होती. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी क्वेकरांचे तांडेच्या तांडे उत्तरेला निघाले, त्यांत हूवरही ओहायोला आले. १८५४ मध्ये ते आयोवातल्या वेस्ट ब्रांच या नव्या वस्तीत गेले. तिथे लोहारकाम करणाऱ्या जेसी हूवरच्या घरी १८७४ च्या ऑगस्टात हर्बर्टचा जन्म झाला. म्हणजे ओबरकुल्मपासून वेस्ट ब्रांचपर्यंत एकाही मुक्कामी हे घराणं फार पिढ्या टिकलं नाही. जे आडनाव जमिनीच्या एका ठरावीक तुकड्यावरून पडलं, त्याच्या धन्यांची ही भ्रमंती.

दुसरं एक हूवर घराणं पेनसिल्व्हेनियाच्या जर्मनांतूनच ओहायोच्या न्यू बर्लिन गावी वसलं होतं. त्यांचा चामडं कमावण्याचा आणि खोगीर-पट्ट्यांचा धंदा. मोटारी आल्या, घोडे कमी झाले. तेव्हा विल्यम हेन्री हूवर यांनी १९०८ मध्ये जेम्स मरे स्पँग्लर या माणसाकडून धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. हे यंत्र इतकं चाललं की ब्रिटनमध्ये आजही घर झाडण्याच्या क्रियेला ‘हूवर करणं’ म्हणतात. स्पँग्लर हेही मूळचं जर्मन आडनाव, ‘श्पेंगलर’ म्हणजे पत्र्याची कामं करणारा.

पहिल्या महायुद्धात अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली आणि जर्मन असणं संशयाचं झालं. शाळांतून जर्मन भाषा काढली गेली, घराण्यांनी घाईने नावं बदलली. १९१८ मध्ये न्यू बर्लिनचं नाव बदलून नॉर्थ कँटन झालं. गावाचं नाव गेलं, हूवरांच्या नावाला मात्र कुणी हात लावला नाही, कारण ते जर्मन आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं. त्याच काळात सगळ्या अमेरिकेच्या अन्नपुरवठ्याची सूत्रं हर्बर्ट हूवर यांच्या हाती होती.

हर्बर्ट हूवर म्हटलं की लोकांना १९२९ ची महामंदी आणि बेकारांच्या झोपडवस्त्यांना पडलेलं ‘हूवरव्हिल’ हे नाव आठवतं. पण जर्मनीत त्यांची आठवण वेगळी आहे. पहिल्या युद्धानंतर त्यांनी उभारलेल्या मदत संस्थेचं धान्य क्वेकरांमार्फत जर्मन मुलांपर्यंत गेलं. १९२१ च्या सुमारास रोज सुमारे १० लाख मुलं त्यावर जेवत होती. दुसऱ्या युद्धानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना जगभरच्या दुष्काळाची पाहणी करायला पाठवलं. त्या दौऱ्यात १९४६ मध्ये ते भारतातही येऊन गेले. १९४७ च्या फेब्रुवारीत ते जर्मनीत होते. त्यांच्या सूचनेवरून एप्रिलपासून शाळांत गरम जेवण सुरू झालं, ३५ लाख मुलांना. त्या जेवणाला लोकांनी नाव दिलं ‘हूवर-श्पायझुंग’. उपासमारीतून वाचलेली ती पिढी हे नाव आयुष्यभर कृतज्ञतेने घेत राहिली.

सगळे हूबर पश्चिमेला गेले नाहीत. रशियाच्या कॅथरिन सम्राज्ञीने १७६३ मध्ये जाहीरनामा काढून परदेशी शेतकऱ्यांना बोलावलं आणि व्होल्गाकाठी जर्मनांच्या वसाहती उभ्या राहिल्या. रशियन लिपीत ‘ह’ नाही. परक्या नावांतला ‘ह’ तिथे ‘ग’ होत असे, हॅम्बुर्ग आजही रशियनमध्ये ‘गाम्बुर्ग’ आहे. म्हणून तिकडचा हूबर झाला ‘गूबर’. व्होल्गाकाठी १८१४ साली जन्मलेला पाद्र्याचा मुलगा एडुआर्ड गूबर हा जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’चा पहिला रशियन अनुवादक. सेन्सॉरने नकार दिल्यावर त्याने हस्तलिखित फाडून टाकलं होतं. रशियन कवी पुश्किनने त्याला पुन्हा कामाला बसवलं आणि १८३८ मध्ये अनुवाद छापला गेला. शतकभराने, १९४१ च्या ऑगस्टात निघालेल्या स्टालिनच्या हुकुमाने व्होल्गाकाठचे सगळे जर्मन कझाकस्तान आणि सायबेरियात हाकलले गेले.

यामुळेच या आडनावाचा माग काढताना नावापेक्षा गावाला महत्त्व द्यावं लागतं. नुसतं ‘हूबर’ घेऊन जर्मनीतल्या दप्तरखान्यात गेलं तर हाती काही लागत नाही. गाव कळलं, तर तिथल्या चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-मृत्यूच्या वह्या उघडतात. झुरिकमध्ये अशा नोंदी १५२० च्या दशकापासून ठेवायला सुरुवात झाली. कॅथलिक मुलखात १५६३ च्या धर्मपरिषदेनंतर बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी सक्तीच्या झाल्या. तीस वर्षांच्या युद्धात असंख्य वह्या जळाल्या, त्यामुळे बऱ्याच जर्मन घराण्यांची साखळी १६५० च्या आसपास तुटते. पूर्वज स्विस निघाले तर मात्र शंभर वर्षं आणखी मागे जाता येतं. सोव्हिएत संघ कोसळला तसे तिकडचे लाखो जर्मन जर्मनीत परतले. त्यांच्यासाठीच्या कायद्यात, ९४ व्या कलमाखाली, नावाचं जर्मन रूप पुन्हा लावायची सोय आहे, तेव्हा रशियन कागदावरचा गूबर जर्मन पारपत्रावर हूबर होऊ शकतो. अशा घराचा माग काढणाऱ्याने आधी त्याची सोव्हिएत कागदपत्रं मागवावीत, त्यांतून व्होल्गाकाठची वसाहत शोधावी, आणि मगच त्या वसाहतीत माणसं कुठून आली होती हे पाहून जर्मनीतल्या गावाची वही मागावी.